बर्फ असेतो मुक्काम : डहाणू-तलासरीच्या खलाशांचा हिवाळा

मागच्या वेळी आपण डहाणूच्या किल्ल्याबद्दल बोललो, तेव्हा शेवटी एकांनी विचारलं होतं की, सर, किल्ल्यातल्या माणसांचं झालं, पण होडीवर राहणाऱ्या माणसांचा इतिहास कुणी सांगत नाही. प्रश्न रास्त होता. म्हणून आज विषय घेतलाय तो होडीवरच्या मुक्कामाचा. मासेमारीचा म्हणत नाही मी, मुक्कामाचा. माणूस होडीवर रात्री का राहतो, किती रात्री राहतो, आणि त्या रात्री कोण ठरवतं, एवढंच आज बघायचंय.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या किनाऱ्यावर होडीवर राहणं ही जुनी सवय नाही. शिडाच्या काळातली मासेमारी घरातून निघून घरी येण्याचीच होती. त्याला कारण वारा. पावसाळा संपला की आपल्याकडे पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा सुटतो, मतलई म्हणतो आपण त्याला, आणि दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा येतो. पहाटे मतलईवर शीड उभारून बाहेर पडायचं, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत. वाऱ्यानेच दिवसाचं वेळापत्रक आखून दिलेलं. त्यात भर भरती-ओहोटीची. डहाणूची खाडी ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायला नको. ओहोटीला होड्या चिखलात कलंडून पडलेल्या असतात, पाणी चढल्याशिवाय आत-बाहेर काही नाही. डोलीची जाळी तर उधाणाच्या ओढीवरच चालतात, भांगाच्या दिवसांत पाण्याला ओढ नसते, तेव्हा जाळी दुरुस्त करायची. म्हणजे महिन्याचं गणितही तिथीवर. धाकटी डहाणू, वरोर, चिंचणी, घोलवड, झाई, कुठल्याही गावच्या मांगेल्याला किंवा कोळ्याला भिंतीवरचं कॅलेंडर लागत नव्हतं.

दुसरं कारण मासळीचं. मासा टिकत नाही. सकाळी धरलेला बोंबील संध्याकाळपर्यंत किनाऱ्यावर येऊन वलांडीवर चढलाच पाहिजे. वाळवा किंवा खारवा, तिसरा मार्ग नव्हता. त्यामुळे समुद्रात चार दिवस राहून करणार काय? पहिल्या दिवसाची मासळी चौथ्या दिवशी फेकूनच द्यावी लागली असती.

होडीवर खरोखर राहणारे लोक होते ते मालवाहू गलबतांवरचे. मचवे, गलबतं, फतेमाऱ्या. डहाणूच्या मागचं जंगल सागाचं. हे लाकूड आणि सरपण खाडीतून बाहेर पडे. वसई पोर्तुगीजांकडे आली १५३४ साली, तेव्हापासून १७३९ मध्ये मराठ्यांनी हा सगळा पट्टा घेईपर्यंत वसईला जहाजं बांधली जात होती, आणि उत्तर कोकणातल्या सागाला मोठी मागणी होती. पुढे मुंबईच्या गोदीलाही लाकूड लागे, आणि वाढत्या मुंबईच्या चुलींना सरपण लागे. ह्या गलबतांचा हंगाम नारळी पौर्णिमेनंतर सुरू व्हायचा आणि वैशाखात संपायचा. तेवढे सात-आठ महिने खलाशी गलबतावरच जेवायचा, झोपायचा. मालाला घाई नव्हती, लाकूड काही नासत नाही. मग १८६४ साली मुंबई ते अहमदाबाद रेल्वे सुरू झाली, डहाणू रोड स्टेशन झालं, आणि लाकूड हळूहळू वाघिणीत चढलं. गलबतं एकदम गेली नाहीत, पण त्यांचा जोर सरला.

आता येतो मी मुद्द्यावर. होडीवरचा मुक्काम पुन्हा सुरू झाला तो बर्फामुळे.

बर्फाची गोष्ट मुंबईत गमतीने सुरू होते. १८३४ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून बर्फ भरलेलं जहाज मुंबईला आलं. तिकडच्या तळ्यांवर हिवाळ्यात गोठलेलं पाणी करवतीने कापायचं, भुशात गुंडाळायचं, जहाजात भरायचं, आणि उष्ण कटिबंधातून चार महिने प्रवास करून आणायचं! जमशेटजी जीजीभॉय यांनी जेवणावळीत आइस्क्रीम दिलं आणि पाहुण्यांना सर्दी झाली, अशी त्या वेळची हकिगत सांगतात. पुढे यंत्रावर बर्फ तयार होऊ लागलं आणि तो बोस्टनचा धंदा बसला. पण हे सगळं साहेबांच्या आणि शेठजींच्या ताटापुरतं. कोळ्याच्या होडीत बर्फ यायला आणखी शंभर वर्षं जावी लागली. स्वातंत्र्यानंतर दोन गोष्टी मागेपुढे आल्या : होडीला डिझेल इंजिन बसलं, आणि किनाऱ्यावर बर्फाचे कारखाने निघाले. इंजिनाने वाऱ्याचं वेळापत्रक मोडलं, आणि बर्फाने मासळीचं.

बर्फाच्या लाद्या यंत्रात फोडून चुरा करतात आणि तो होडीच्या पोटातल्या खणांत भरतात. मासळीचा एक थर, बर्फाचा एक थर. वितळतं बर्फ शून्य अंशाच्या आसपास राहतं, मासा गोठत नाही पण नासतही नाही. नीट भरलेलं पापलेट दोन-अडीच आठवडे चांगलं राहतं. म्हणजे आता परत कधी यायचं? बर्फ संपलं की. हे उत्तर तुम्हाला कुठल्याही बंदरात मिळेल. तांडेल खणाचं झाकण उघडून बघतो, किती उरलंय ते, आणि त्यावर मुक्काम ठरतो. घरात कुणी आजारी आहे, सण आहे, हे त्या हिशोबात येत नाही.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण तुलना केल्याशिवाय आपलं आपल्याला दिसत नाही. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात कालवे खणले, कोळसा आणि माल वाहायला. त्यावरच्या होड्या लांबलचक आणि चिंचोळ्या, सत्तर फूट लांब आणि जेमतेम सात फूट रुंद, कारण कालव्याची दारंच तेवढी. रेल्वे आली, भाडं उतरलं, तेव्हा नावाड्यांनी काय केलं? किनाऱ्यावरचं घर सोडलं आणि बायको-मुलं होडीवर आणली. घरभाडं वाचलं आणि गडी ठेवायचा खर्च वाचला. मागच्या बाजूला दहा फूट लांबीची एक खोली, तिच्यात आख्खं कुटुंब, एक लहानशी शेगडी. हिवाळ्यात कालवा गोठला की होडी जागच्या जागी अडकायची. बर्फ फोडायची वेगळी होडी असे. घोडे ती ओढत आणि वर माणसं दोन्ही बाजूंनी झुलून तिला डोलवत, म्हणजे खालचं बर्फ मोडेल. ते जमलं नाही तर थांबून राहायचं, आणि थांबलेल्या होडीला भाडं नाही. १९६२-६३चा हिवाळा इतका कडक पडला की नाताळपासून मार्चपर्यंत कालवे गोठलेले राहिले, आणि आधीच खिळखिळ्या झालेल्या त्या मालवाहतुकीचा जवळजवळ शेवटच झाला.

तिकडे बर्फाने होडी थांबवली, आणि आपल्याकडे बर्फामुळे ती परत येईना, असा हा प्रकार आहे. पण मी ती गोष्ट एवढ्यासाठी काढली नाही. काढली ती १८७७च्या कायद्यासाठी. जॉर्ज स्मिथ नावाच्या माणसाने त्या होड्यांवरची दाटी, रोगराई, शाळेत न जाणारी मुलं यांवर लिहून लिहून सरकारला कायदा करायला लावला. प्रत्येक राहत्या होडीची नोंदणी, तिच्यात किती माणसं झोपू शकतात त्याचा आकडा, आणि तपासनीस. तो नीट पाळला जाईना म्हणून १८८४मध्ये पुन्हा दुरुस्ती. कायदा किती चालला ते सोडा. पण होडी हे माणसाचं घर आहे, आणि घराला काही किमान लागतं, एवढं तरी कागदावर मान्य झालं. हे लक्षात ठेवा, मी परत येणार आहे त्याच्यावर.

आता तलासरी. तुम्ही म्हणाल, तलासरीचा आणि समुद्राचा काय संबंध? उंबरगाव १९६० साली गुजरातेत गेलं, उरलेल्या गावांची तलासरी झाली, आणि तिला समुद्र टेकतो तो झाईपुरता. बाकी सगळा डोंगर, पाडे, भातखाचरं. वारली, धोडी, दुबळा, कोकणा. ह्यांच्या आजोबांनी समुद्र पाहिलेला असेल, पण त्यावर झोपलेले नव्हते. आज मात्र डहाणू आणि तलासरीच्या पूर्वेकडच्या पाड्यांवर दिवाळीनंतर जा. पुरुष दिसणार नाहीत. कुणी वीटभट्टीवर, कुणी उंबरगावच्या कारखान्यात, आणि बरेचसे वेरावळ, पोरबंदर, मांगरोळ, ओखा इथल्या बोटींवर.

हे कसं झालं ते समजायला १९४५ला जावं लागतं. त्या काळी हा डोंगरातला माणूस पावसाळ्यानंतर सावकाराचं गवत कापायचा. मुंबईच्या तबेल्यांना इथून गवताच्या गासड्या जात. मजुरी नावाला, आणि बऱ्याच ठिकाणी वेठच. लग्नासाठी पाच-पन्नास रुपये घेतले की नवरा-बायको दोघंही सावकाराच्या घरी राबायचे, वर्षानुवर्षं. लग्नगडी म्हणत त्यांना. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरीला सभा झाली, गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी वेठ नाकारायला सांगितलं, आणि त्या ऑक्टोबरात गवत कापायच्या तोंडावर संप झाला. तलवाड्याला गोळीबार होऊन पाच माणसं मेली. पण वेठ गेली, लग्नगडी सुटले. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हे सगळं आहे, वाचलं नसेल तर जरूर वाचा.

तर वेठ गेली, पण पावसाळ्यानंतरचे ते आठ महिने तिथेच राहिले. एकपिकी भात, ते घरात आलं की काम नाही. आणि नेमक्या त्याच आठ महिन्यांसाठी सौराष्ट्राच्या बोटींना माणसं हवी होती. १९८०नंतर वेरावळच्या ट्रॉलर एका दिवसाऐवजी पंधरा-वीस दिवस बाहेर राहायला लागल्या. किनाऱ्याजवळ मासळी उरली नव्हती आणि पोटात बर्फ मावत होतं. खारव्यांची स्वतःची पोरं एवढ्या दिवसांच्या मुक्कामाला पुरेनात. तांडेल माणसं शोधायला दक्षिणेकडे उतरले, वलसाड, उंबरगाव, मग आपल्याकडे. किनाऱ्यावरच्या लोकांना पाणी माहीत होतं म्हणून आधी ते गेले. त्यांच्या मागोमाग डोंगरातले. डहाणूहून वेरावळ समुद्रावरून सरळ रेषेत अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर, पण खंभातच्या आखाताला वळसा घालून रस्त्याने जायचं तर दुपटीहून जास्त. पाड्यातला एक जण तांडेल झाला की तो आपलीच माणसं नेतो, त्यामुळे एका बोटीवर एकाच पाड्याचे पाच-सहा जण असतात. हे चांगलंही आहे आणि वाईटही. का ते पुढे सांगतो.

जाताना उचल मिळते. भाताला, घराला, औषधाला, आणि हो, लग्नालाही. मी इथे लग्नगडी हा शब्द वापरणार नाही. हा माणूस स्वतःच्या पायाने जातो, परत येतो, आवडलं नाही तर मालक बदलतो. त्याच्या बापाला हे करता येत नव्हतं. पण उचल फिटेपर्यंत बोट सोडता येत नाही, हेही खरं आहे, आणि दोन्ही एकदम खरं आहे असं इतिहासात बरेचदा असतं.

बोटीवर सात-आठ माणसं. तांडेल, एक इंजिन सांभाळणारा, एक स्वयंपाकाला, बाकी खलाशी. मागे केबिन, तिच्यात दोन-तीन जण झोपतील एवढी जागा. उरलेले जाळ्यावर, ताडपत्रीखाली. गोडं पाणी पिंपात, ते पिण्यासाठी आणि भातासाठी. अंघोळ खाऱ्या पाण्याची. संडास नाही, बोटीची कड धरायची. जाळं तीन-चार तासांनी ओढून वर घ्यायचं, मासळी निवडायची, खणात उतरून बर्फात भरायची, की पुढचं जाळं तयार. रात्र असो की दिवस. त्यामुळे झोप अखंड नसते, तुकडे असतात.

आणि हिवाळा. आपल्याला वाटतं समुद्रावर कसली थंडी! पण पौष-माघात उत्तरेचा वारा लागतो कच्छच्या बाजूला, अंगावर सतत ओलं, आणि हात बर्फात. हातांच्या भेगांत मीठ आणि माशाचे काटे जातात, बोटं सुजतात, मूठ मिटत नाही. घरी आलेल्या माणसाचे हात बघा, मी सांगायची गरज नाही. डोंगरातल्या माणसाला थंडी नवी नाही, पण घरी शेकोटी असते. इथे शेकोटी पेटवायची कुठे? स्वयंपाकाची शेगडी हीच ऊब, आणि इंजिनाच्या खोलीची भिंत. तिच्याजवळची जागा मिळावी म्हणून आपसात पाळ्या लावतात.

आता तो १८७७चा कायदा आठवा. त्याला आता दीडशे वर्षं होतील. २००७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने मासेमारीतल्या कामाबद्दल १८८ क्रमांकाचा करार केला, तो २०१७मध्ये लागू झाला. त्यात तीन दिवसांहून जास्त समुद्रात राहणाऱ्या बोटीवर चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात सत्त्याहत्तर तास विश्रांती सांगितलीय. राहण्याची जागा, पिण्याचं पाणी, औषधपेटी, लेखी करारनामा, सगळं आहे. आशियात पहिली सही थायलंडने केली, २०१९मध्ये, तीसुद्धा जगभर बदनामी झाल्यावर. भारताने हा करार अजून स्वीकारलेला नाही. लहान बोटी आहेत, परवडणार नाही, असं त्यावर सांगितलं जातं. वीस दिवस बाहेर राहणारी, पोटात कित्येक टन बर्फ घेणारी बोट लहान कशी, हा माझा साधा प्रश्न आहे.

एकाच पाड्याची माणसं एका बोटीवर असण्यातलं वाईट काय, ते आता सांगतो. बर्फ शिल्लक आहे आणि मासळी मिळत नाही, अशा वेळी बोट आणखी वर सरकते. वर म्हणजे ओख्याच्या पुढे, जखौकडे, सर क्रीकच्या तोंडाशी. ही खाडी शहाण्णव किलोमीटरची, तिची हद्द भारत-पाकिस्तानमध्ये ठरलेली नाही, त्यामुळे तिथून समुद्रात निघणारी रेषाही ठरलेली नाही. पाण्यावर खुणा नसतात. १९८७मध्ये पाकिस्तानने सागरी सुरक्षा दल स्थापन केलं, तेव्हापासून धरपकड नेमाची झाली. आपलं तटरक्षक दलही तिकडच्या मच्छीमारांना धरतं, हेही सांगितलं पाहिजे. बोट गेली की पाड्यातली पाच-सहा घरं एका रात्रीत बंद पडतात. कमावता माणूस कराचीच्या मलीर तुरुंगात, आणि घरी उचल तशीच.

समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय कायद्याच्या ७३व्या कलमात म्हटलंय की आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीच्या गुन्ह्याला, दोन देशांत तसा करार नसेल तर, कैदेची शिक्षा देता येणार नाही. भारताने तो कायदा १९९५मध्ये मान्य केला, पाकिस्तानने १९९७मध्ये. तरी माणसं वर्षानुवर्षं आत. शिक्षा काही महिन्यांची असते, ती संपल्यावरही राष्ट्रीयत्वाची पडताळणी व्हायची असते. बोटीची नोंद गुजरातेत, रेशनकार्ड महाराष्ट्रात, आणि पाड्यातल्या बाईला कुठल्या कचेरीत जायचं ते कुणी सांगत नाही. २००८च्या करारानुसार दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या देतात. तलासरीत नवीन वर्ष असंही सुरू होतं. २०२३च्या मे-जूनमध्ये १९८ आणि २०० अशा दोन मोठ्या खेपा वाघ्यावरून सुटून आल्या, त्यांत आपल्या जिल्ह्यातलेही होते. २०२१च्या नोव्हेंबरात ओख्याजवळ ‘जलपरी’ बोटीवर गोळीबार झाला, त्यात मेलेला खलाशी पालघर तालुक्यातल्या वडराईचा. २०२४च्या मार्चमध्ये डहाणू तालुक्यातला एक जण कराचीच्या कैदेत वारला. देह घरी यायला जवळजवळ दीड महिना लागला.

वाढवणच्या बंदराबद्दल आज विचारू नका, त्याला वेगळं व्याख्यान लागेल. एवढंच सांगतो की तिथल्या डोलीवाल्यांचं जाळं उठलं तर त्यांनाही वेरावळचा रस्ता माहीत आहे.

हंगाम मे महिन्याच्या शेवटी उठतो. १ जूनपासून बंदी. खणातलं उरलेलं बर्फ धक्क्यावर ओततात, ते तासाभरात वितळून जातं. मग मालकाकडे हिशोब बसतो : महिने किती भरले, उचल किती, मध्ये घरी पाठवले किती, आजारपणात रजा किती. उरलेली रक्कम हातात येते. पाऊस पडायच्या आत घरी पोचायचं असतं, राब भाजून झालेला असतो बायकांनी, पेरा थांबलेला असतो. आणि पुढल्या वर्षी यायचं असेल तर नव्या उचलीचे काही पैसे बहुतेक त्याच बैठकीत मिळतात. घेणारे घेतात, काही जण म्हणतात गणपतीनंतर बघू.

चला, वेळ झालीय. प्रश्न घेऊ.